चकमकीची बंदूक घ्यायची, तर आयआरएतून नको

प्रश्न थोडक्यात असा: वाचक पेनसिल्वेनियात राहतात, वय 46. लँकेस्टरकडची, 1800 च्या आसपासची, कारागिराची सही असलेली फ्लिंटलॉक (चकमकीच्या ठिणगीने बार उडवणारी) लांब नळीची रायफल लिलावात 28,000 डॉलरला मिळेल असा त्यांचा अंदाज आहे. सोबत बंदुकीची दारू ठेवायचं 6,500 चं नक्षीदार शिंग. रोख 60,000 आहेत, मुलीचं कॉलेज तीन वर्षांवर. जुन्या नोकरीतलं 401(के), म्हणजे निवृत्तीचं खातं, सेल्फ-डायरेक्टेड आयआरएत (गुंतवणूक स्वतः निवडायच्या वैयक्तिक निवृत्ती खात्यात) वळवून त्यातून हे घ्यावं का?

आयआरएतून मुळीच नको. अँटिक वस्तू आयआरएने घेतली की तेवढी रक्कम तुम्ही काढून घेतली असंच करखातं धरतं. लिलावघराचं प्रीमियम (बोलीवरचं शुल्क) 25 टक्के धरलं तर रायफल पडते 35,000 ला. तुम्ही 24 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर त्यावर 8,400 कर आणि साडेएकोणसाठच्या आत म्हणून 3,500 दंड. बंदूक घरी यायच्या आधीच 11,900 गेले.

रोखीने घेतली तरी हिशेब अवघडच. विकताना लिलावघराने 15 टक्के कापले, तर तुमचे 35,000 परत यायला बोली सुमारे 41,200 वर जायला हवी. म्हणजे 28,000 च्या बोलीवरून दहा वर्षं दरसाल जवळपास 4 टक्के भाव वाढला तर तुम्ही जिथल्या तिथे. पुढे नफा झालाच तर अशा वस्तूंवर दीर्घ मुदतीचा केंद्रीय कर 28 टक्क्यांपर्यंत जातो. शेअरवर बहुतेकांना 15 लागतो. आणि हौसेच्या वस्तूवरचा तोटा वजा करता येत नाही.

खरी गोम मात्र लॉकमध्ये, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेत, आहे. 1820 नंतर असंख्य फ्लिंटलॉक पर्कशनवर (चकमकीऐवजी स्फोटक टोपीवर) बदलल्या गेल्या आणि पुढे संग्राहकांसाठी त्याच परत चकमकीच्या केल्या. अशा बंदुकीला अस्सल न बदललेलीचा भाव देणं म्हणजे पैसे पाण्यात. लॉक दस्त्यातून काढून प्लेटची आतली बाजू बघा: बुजवलेली किंवा नव्याने पाडलेली भोकं दिसतील. नळीचा कान (आग आत जायचं भोक) बघा. पर्कशनसाठी तिथे ड्रम (टोपीची आग आत नेणारा नळकांड्यासारखा तुकडा) बसवलेला असेल तर भोक मोठं केलेलं असतं, मग ते बुजवून नवा कान पाडतात आणि गोल डाग राहतो. वापरातल्या बंदुकीत कानाभोवतीचं लोखंड रंजकाने (पॅन नावाच्या वाटीत पेटणाऱ्या दारूने) खाल्लेलं असतं, शेजारचं लाकूड करपलेलं असतं. प्लेट खडबडीत आणि पॅन गुळगुळीत असेल तर मला शंका येते. नळी आखूड केली आहे का, दस्त्याचा पुढचा भाग नवा जोडला आहे का, हेही बघून घ्या. लॉक काढून दाखवायला नकार मिळाला तर बोलीच लावू नका.

(हाताळण्याआधी गज, म्हणजे दारू ठासायची काठी, नळीत घालून खोली मोजा. बाहेरून कानापर्यंतच्या लांबीपेक्षा ती दोन-तीन इंच कमी भरली तर आत न उडालेला जुना बार (दारू-गोळी) असू शकतो. जाणकाराकडून काढून घ्या.)

शिंगात फसवणूक सोपी: शिंग खरोखर जुनं, नक्षी कालची. दहापट भिंगाखाली बघा. अंगाला घासणारी बाजू झिजलेली असते, तिथली नक्षीही झिजलेली हवी. किड्याने खाल्लेल्या खळग्यात रेघ उतरत असेल तर ती नंतर कोरलेली. किल्ला, नकाशा, 1758 सारखं साल असलं की भाव चढतो, म्हणून नेमकं तेच खोटं कोरतात.

माझं मत: रायफल आत्ता नको. 60,000 पैकी सहा महिन्यांचा घरखर्च आणि कॉलेजचं पहिलं वर्ष बाजूला काढलं की 35,000 उरतच नाहीत. शिंग घ्यायला हरकत नाही, पण प्रीमियमसकट 6,500 च्या वर जाऊ नका, आणि ते पैसे गेले असं समजूनच घ्या. न कोरलेली साधी शिंगं काहीशे डॉलरलाही मिळतात. हौसेची सुरुवात तिथून करा.

पुढे कधी रायफल घेतलीत तर विम्याकडे लक्ष द्या. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत बंदुकांच्या चोरीला साधारण 2,500 डॉलरची मर्यादा असते. फोटो आणि मूल्यांकन जोडून वेगळी नोंद करून घ्यावी लागते. पितळ मात्र पॉलिश करू नका. जुना रंग गेला की भावही जातो.