ठोशाचे किलो आणि वजनाचे किलो

ज्याचा ठोसा ३५० किलोचा भरतो, तो मुष्टियोद्धा ३५० किलो वजन उचलू शकेल का, आणि १०० किलो बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून वजन वर ढकलणे) करणाऱ्या आपल्या म्हापशाच्या मित्राचा ठोसा किती किलोचा असेल, असे आपण विचारले आहे. इथे मुळात दोन वेगवेगळ्या ‘किलों’ची गल्लत होते आहे.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑलिंपिक दर्जाच्या सात मुष्टियोद्ध्यांचे चेहऱ्यावरचे ठोसे पुतळ्यावर मोजले गेले. सरासरी बल ३४२७ न्यूटन, म्हणजे सुमारे ३५० किलोंच्या भाराइतके निघाले. पण मुठीचा वेग सेकंदाला ९.१४ मीटर आणि ठोशामागचे प्रभावी वस्तुमान, म्हणजे आघातात प्रत्यक्ष भाग घेणारे वजन, अवघे २.९ किलो होते. हिशेब केला तर ठोशाची ऊर्जा १२० ज्यूलच्या आसपास येते. बाजारातला हमाल ५० किलोंचे तांदळाचे पोते जमिनीवरून दीड मीटर उंच खांद्यावर घेतो, तेव्हा तो सातशेहून अधिक ज्यूल काम करतो.

दीड किलोचा असोला (न सोललेला) नारळ आठ मीटरवरून पडला तर त्याची ऊर्जाही जवळजवळ त्या ठोशाएवढीच भरते, आणि तोच नारळ लहान मूलसुद्धा उचलते. आमच्या परसात पाडेली (नारळ पाडणारा) माडावर चढला की मी हे दरवेळी पाहतो: रेतीत पडलेला नारळ धप्प आवाज करून रुततो, चिऱ्यावर पडलेला मात्र सोडणासकट तडकतो. उंची तीच, नारळ तसाच. फक्त थांबायला लागलेला वेळ कमी झाला, म्हणून बल वाढले. ठोशाचा आकडाही असाच समोरची गादी किती मऊ आहे यावर बदलतो, त्यामुळे दोन वेगळ्या यंत्रांवरच्या आकड्यांची तुलना करू नये.

उचलताना बल सेकंद-दोन सेकंद टिकवावे लागते. ठोशातले कमाल बल काही मिलिसेकंदांतच ओसरते. शिवाय स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितके त्याचे बल घटते, हे ए. व्ही. हिल यांनी १९३८ सालीच दाखवले होते. म्हणून आपल्या मित्राच्या १०० किलोंवरून त्याच्या ठोशाचा आकडा काढता येणार नाही. ताकद वाया जाते असे मुळीच नाही, परंतु ठोसा तळपायापासून सुरू होऊन कमरेच्या वळणातून खांद्यात येतो, आणि पाठ बाकावर टेकून केलेल्या व्यायामात नेमका हाच भाग सुटतो. त्याने जड वजनांबरोबरच हलका मेडिसिन बॉल (व्यायामाचा भरीव चेंडू) उभ्याने, कंबर वळवून, भिंतीवर जोरात फेकण्याचा सराव ठेवावा, आणि प्रगती मोजायची तर दरवेळी त्याच बॅगेवर मोजावी.