पंतप्रधानांनी परदेशात केलेल्या कराराला संसदेची मंजुरी लागते का?
नाही, पंतप्रधान परदेश दौऱ्यात जे करार करतात, त्यांना आधी संसदेची मंजुरी लागत नाही. परदेशांशी करार करणं हा संघसूचीतला (राज्यघटनेतल्या केंद्राच्या विषयांच्या यादीतला) १४वा विषय आहे आणि घटनेच्या कलम ७३ नुसार तो अधिकार केंद्र सरकारचा. निदान संसदेत चर्चा तरी सक्तीची हवी होती, असं मला मनापासून वाटतं. करारासाठी देशातला कायदा बदलायचा असेल, तर मात्र विधेयक आणावंच लागतं (कलम २५३). आणि भारताची जमीन दुसऱ्या देशाला द्यायची असेल, तर थेट घटनादुरुस्ती. बेरुबारी प्रकरणात (पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा भाग पाकिस्तानला देण्याचा प्रश्न) सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच हे सांगितलं. म्हणून बांगलादेशाशी १९७४ साली झालेला सीमाकरार पूर्णपणे अमलात यायला २०१५ ची शंभरावी घटनादुरुस्ती व्हावी लागली.