लिनक्समध्ये पीएमआयसीचा (वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपचा) इंटरप्ट हाताळताना

चिप आयटूसीवर (दोन तारांच्या संथ बसवर) असेल, तर स्टेटस रजिस्टर वाचताना कोड झोपू शकतो, म्हणजे वाट पाहत थांबू शकतो, म्हणून ते वाचन हार्ड हँडलरमध्ये (इंटरप्ट येताच धावणाऱ्या, झोपायची मुभा नसलेल्या कोडमध्ये) करू नका. थ्रेडेड आयआरक्यू (वेगळ्या थ्रेडमध्ये हाताळला जाणारा इंटरप्ट) मागा, प्राथमिक म्हणजे हार्ड हँडलर नल ठेवा आणि वनशॉट फ्लॅग (थ्रेड संपेपर्यंत लाइन बंद ठेवणारा) द्या. तो विसरलात तर कर्नल बहुधा मागणीच नाकारतो, -22 (अवैध मागणीचा एरर कोड) परत येतो.

ट्रिगर बहुतेक चिप्सना लेव्हल-लो हवा, म्हणजे लाइन खाली असेपर्यंत इंटरप्ट चालू. फॉलिंग एज (लाइन खाली जाण्याचा क्षण) लावलात आणि पहिली घटना हाताळत असताना दुसरी आली, तर लाइन वर जातच नाही, नवी एज मिळत नाही. मग पॉवर बटण कायमचं मुकं होतं. हा दोष शोधायला फार त्रास देतो. उलट लेव्हलमध्ये अ‍ॅक (घटनेची पोच देऊन स्टेटस बिट पुसणं) चुकला, तर हँडलर पुन्हापुन्हा धावतो. हँडलरने ‘माझा नाही’ असं सांगितलं, तर 1,00,000 पैकी 99,900 पेक्षा जास्त वेळा तसं झाल्यावर कर्नल ती लाइनच बंद करतो. स्टेटस बिट वाचून पुसला जातो की 1 लिहून, हे डेटाशीटमध्ये आधी बघा.

मास्क (इंटरप्ट झाकणं), अ‍ॅक स्वतः लिहू नका, कर्नलमधलं तयार रेगमॅप-आयआरक्यू वापरा.

सस्पेंडमधून (यंत्राच्या झोपेतून) उठताना आयटूसी कंट्रोलर जागा होण्याआधीच थ्रेड धावू शकतो आणि वाचन फसतं. म्हणून सस्पेंडमध्ये वेक (या इंटरप्टने यंत्र जागं व्हावं ही सोय) चालू करून आयआरक्यू डिसेबल करा, रिझ्यूममध्ये परत एनेबल.