दगा लिहिण्याआधी गोणी उचलून बघ

लेकरा,

तुझ्या कादंबरीतल्या योद्ध्यांच्या परीक्षा वाचल्या. 16 स्पर्धक आणि बाद फेरी, म्हणजे 15 लढती. सगळ्या लिहू नकोस, सहावीलाच वाचक पानं उलटायला लागतो. चार पुरत्या रंगव: नियम कळावेत म्हणून पहिली, नायिका हरता हरता वाचते ती, दग्याची आणि शेवटची. बाकीच्यांचा निकाल कुणाच्या तरी तोंडून कळू दे.

तुझं घोडं अडलंय ते दग्यापाशी. जिवलग सोबती अकराव्या प्रकरणात एकाएकी फिरतो, आधी कुठं मागमूस नाही. आपली देवगिरी आठव. 1296 साली अलाउद्दीन खिलजी चालून आला, यादवांची फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होती, आणि धान्य म्हणून गडावर चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं असं सांगतात. ती गोणी तू स्वतः उचलून बघ. त्याच मापाची मिठाची गोणी ज्वारीच्या गोणीपेक्षा चांगलीच जड भरते, म्हणजे सगळ्यात आधी कळणार ते हमालाच्या पाठीला. तो वाटेत एकदा जास्तीचा टेकतो. घामानं भिजलेलं पोतं मानेवरच्या ओरखड्याला झोंबतं. तो काही बोलणार, तेवढ्यात मुकादम ओरडतो, "चल, मोजणी उरकायचीय." वाचक पुढं जातो, पण झोंबलेलं त्याच्या ध्यानात राहतं. असा हमाल मला तुझ्या तिसऱ्या प्रकरणात हवा.

सोबत्याला "मोठं व्हायचंय" एवढ्यानं भागत नाही. जत्रेच्या फडात पोरं रेवड्यांवर कुस्ती धरतात आणि तिथून इनाम चढत जातं. त्याला कितव्या कुस्तीचं इनाम हवंय, घरावर कर्ज किती, फेडायची मुदत कधी, हे ठरव. नुरा कुस्तीत, म्हणजे निकाल आधीच ठरवून खेळलेल्या कुस्तीत, पडणाऱ्याचा वाटा आधीच ठरलेला असतो. याचा वाटा कुणी ठरवला? आणि वस्तादानं राखून ठेवलेला डाव त्याला कुणी दिला? हा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात वस्तादही गोवला जातो.

दग्याची लढत मोकळ्या मैदानावर घेऊ नकोस. देवगिरीची अंधारी, म्हणजे गडावर चढायची ती काळोखी भुयारी वाट, एकदा चालून ये. वळणं, पायऱ्या, वरच्या तोंडाशी जाळ करून आत धूर कोंडायची सोय. अशा ठिकाणी मशाल एकाच्याच हातात दे, आणि तो हात सोबत्याचा असू दे. त्यानं वार करायची गरजच नाही, वळणावर दोन पावलं पुढं निघून गेला तरी पुरे.

तिसरं प्रकरण नव्यानं लिहून पौर्णिमेच्या आत आण. शेवटाला इतक्यात हात लावू नकोस.