११७ म्हणजे नेमके कुठले ११७?

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. गाडी खानापूरची, पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, कंपनीचे ११० पीएस (घोड्यांत मोजलेली ताकद). स्टेज वन रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल, म्हणजे मॅप, बदलून ताकद वाढवणं) करताना ट्यूनरनं १३८ सांगितले, आणि बेंगळुरूला डायनोवर, म्हणजे रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवली तर चार्टवर आले ११७. आता तू विचारतोयस की फसलो काय, आणि दोस्त म्हणतात तसं रात्री हायवेवर शून्य ते शंभर लावून खात्री करावी काय.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नको. का ते शेवटी सांगतो. पहिल्याचं लांब आहे, चहा घेऊन बस.

माझी अर्धी नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगवर गेली. पहिल्याच आठवड्यात मी मशीनवरून उतरवलेला जॉब लगेच मायक्रोमीटरला लावला, तेव्हा फोरमननं हातातून मायक्रोमीटर काढून घेतला होता. ६० मिलिमीटरचा जर्नल (क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) वीस अंशांनी जास्त गरम असला तर १४ मायक्रॉन मोठा दिसतो. जॉब थंड झाल्यावर माप घे, आणि त्याआधी मायक्रोमीटर शून्यावर आहे का ते बघ, एवढंच तो म्हणाला. डायनोकडं बघताना मला अजून तोच फोरमन आठवतो. डायनो पण मोजायचं साधनच आहे, फक्त त्याला लाइट, पंखा आणि प्रेक्षक असतात.

तर तुझा चार्ट. ट्यूनरचे १३८ हे इंजिनच्या क्रँकवरचे, म्हणजे थेट इंजिनच्या फिरत्या दांड्यावरचे. डायनोनं मोजले ते चाकावरचे. मधे गिअरबॉक्स, डिफरन्शियल, शाफ्ट आणि रोलरवर दबणारा टायर आपापला वाटा खातात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाडीत हा तोटा १० ते १५ टक्के धरतात. मधला १३ टक्के धर. ११७ भागिले ०.८७, म्हणजे १३४. इथंच अर्धं भांडण मिटलं.

पण अर्धंच. तू टाकलेल्या फोटोत चार्टची खालची पट्टी कापली गेलीय. त्या पट्टीत बारीक अक्षरात करेक्शन लिहिलेलं असतं, आणि माझ्या लेखी सगळ्या चार्टमधली ती सगळ्यात महत्त्वाची ओळ. हवा पातळ असली, गरम असली, तर इंजिन कमी ताकद देतं. म्हणून डायनोचं सॉफ्टवेअर त्या दिवशीची हवा मोजून आकडा एका ठरलेल्या हवेवर नेऊन ठेवतं. जर्मन डीआयएन पद्धतीत ती ठरलेली हवा २० अंश आणि १०१३ मिलिबारची, आताच्या अमेरिकन एसएई पद्धतीत २५ अंश आणि ९९० मिलिबार कोरड्या हवेची. जुनी एसएई त्याहून थंड आणि दाट हवा धरते, त्यामुळं तिचा आकडा नव्या एसएईपेक्षा साधारण चार टक्के फुगतो.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर. तिथं हवेचा दाब ९०८ मिलिबारच्या आसपास. ३० अंशांचा दिवस धरून डीआयएनचं गणित कर: १०१३ भागिले ९०८ म्हणजे १.११६, त्याला तापमानाचा १.०१७ गुण, उत्तर १.१३५. तुझे ११७ जर करेक्शन न लावता आलेले असतील, तर एक बटण दाबलं की तीच गाडी, तीच रन (डायनोवरची धाव), आणि चाकावर १३२ च्या वर. त्यातून क्रँकचे काढलेस तर १५२. म्हणजे एकाच रनमधून १३४ पण निघतात आणि १५२ पण. फसवणुकीचा आरोप करायचा की ट्यूनरला हार घालायचा, ते त्या कापलेल्या पट्टीवर आहे.

हार मात्र घालू नकोस. टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, असलेल्या गाडीला हे करेक्शन पूर्ण लागू पडत नाही. आपल्याकडं कुणालाही विचार, चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की गाडी हलकी पळते म्हणतो. साध्या, टर्बो नसलेल्या गाडीला ते खरंच आहे. बेळगाव साडेसातशे मीटरवर, दाब सव्वानऊशे मिलिबारच्या आसपास, पणजीला हजाराच्या वर. आठ टक्के हवा इथं जन्मजात कमी. टर्बो गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मात्र मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या नळीत) ठरलेला दाब मिळेपर्यंत टर्बोला पळवतो. समज त्याला २००० मिलिबार हवेत. पणजीला टर्बोनं हवा दुप्पट दाबली की भागलं, बेळगावात २.१६ पट दाबावी लागते. ताकद बरीचशी भरून निघते, पण टर्बो जास्त फिरतो आणि हवा जास्त तापवून देतो. म्हणून टर्बो गाडीला पठारावर पूर्ण करेक्शन लावलं की आकडा खुशामत करतो. खरं कुठंतरी मधे असतं. आणि म्हणूनच, "अजून थोडा बूस्ट वाढवून देतो, आकडा येतो बघ" असं कुणी (बूस्ट म्हणजे टर्बोनं वाढवलेला दाब) म्हटलं तर गाडी घेऊन घरी ये. तुझा छोटा टर्बो आधीच किनाऱ्यावरच्या गाडीपेक्षा जास्त राबतोय.

करेक्शनची आणखी एक गंमत. एका डायनोवर, गाव सांगत नाही, हवा मोजायचा सेन्सर रेडिएटरच्या वर लोंबकळत ठेवलेला मी स्वतः पाहिलाय. मुद्दाम की अज्ञानानं, देव जाणे. सेन्सरला ३० च्या जागी ५० अंश दिसले की सॉफ्टवेअरला वाटतं बिचारी गाडी भट्टीत पळतेय, आणि ते तीन टक्के खिशातून घालतं. तुझ्या गाडीला ते चारेक घोडे झाले, एक स्क्रू न हलवता.

आता मूळ दुखणं. तुझ्याकडं रीमॅपच्या आधीची रन नाही. म्हणजे तू शून्य न बघता माप घेतलंस. या डायनोवर तुझी गाडी कंपनीच्या मॅपवर ९५ दाखवते की १०५, हे माहीत नसेल तर ११७ ला अर्थ नाही. ९५ चे ११७ झाले असतील तर काम झकास आहे. १०५ चे झाले असतील तर ट्यूनरशी बोलायला जागा आहे. दोन वेगळ्या डायनोंचे आकडे शेजारी ठेवू नकोस, त्यांचे रोलर वेगळे, वजन वेगळं, लोड द्यायची पद्धत वेगळी.

ट्यूनरकडं तुझी मूळ फाइल ठेवलेली असतेच. त्याला सांग, एकाच डायनोवर, एकाच दिवशी, आधी मूळ फाइल, मग रीमॅप, मग परत मूळ. तिसरी रन पहिलीशी जुळली तरच मधला फरक मॅपचा. नाही जुळली तर गाडी तापलीय किंवा टायर सरकतोय. हे करायला जो कुरकुर करतो, त्याच्या १३८ वर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

त्या दिवशी सगळ्या रन एकाच गिअरमध्ये घे, तुझ्या सहा-स्पीडला चौथा बरा. टायरमध्ये हवा सारखी, बोनेटची स्थिती सारखी, गाडी बांधायच्या पट्ट्यांचा ताण सारखा. आणि तापमान. तुझ्या इंजिनात इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा भाग) पाण्यावर चालतो, मॅनिफोल्डमध्येच बसवलेला. चांगली रचना आहे, पण एकदा त्याचं पाणी तापलं की लवकर थंड होत नाही, आणि डायनोचा पंखा म्हणजे शंभरच्या वेगाचा वारा नव्हे. पाठोपाठ चार रन मारल्या तर आत जाणारी हवा ५०-५५ अंशांवर पोचते, ईसीयू इग्निशन मागं ओढतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि आकडा प्रत्येक रनला उतरत जातो. माझ्या माहितीतली निम्मी "मॅप खराब आहे" भांडणं इथली आहेत. प्रत्येक रनच्या आधी आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघ, पहिल्या रनइतकं खाली आलं की मगच पुढची. गरम जॉब मोजू नको.

टॉर्कच्या, म्हणजे फिरवण्याच्या जोराच्या, आकड्यावर भाळू नकोस. डायनो ताकद काढतो ती रोलरच्या वेगावरून. टॉर्क दाखवायला त्याला इंजिनचा आरपीएम लागतो, आणि तो ऑपरेटरनं चुकीचा भरला तर टॉर्क चुकतो, ताकद बरोबर राहते. तपासायला सोपं सूत्र: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले ७०२३, म्हणजे पीएस. ४५०० वर २१० न्यूटन-मीटर असतील तर तिथं १३४.५ पीएस हवेत. चार्टवरचे दोन आकडे या सूत्रात बसले नाहीत तर आरपीएम चुकलाय, किंवा एक आकडा चाकावरचा आणि एक क्रँकवरचा छापलाय. जाहिरातीत हे दुसरं लई चालतं.

माझी स्वतःची फजिती सांगतो. माझ्याकडं लिनिआ टी-जेट होती, १.४ टर्बो, कंपनीची ११४ पीएस. रीमॅप केली, चार्ट फ्रेम करून गॅरेजमध्ये लावला. सहा महिन्यांनी त्याच डायनोवर गेलो तर बारा घोडे गायब. ट्यूनरला फोनवर नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, आकडा सोड, रेघ बघ. बघितलं तर ४५०० पर्यंत दोन्ही रेघा एकावर एक, पुढं नवी रेघ हळूहळू खाली वाकलेली. बूस्टची रेघ पण तशीच. घरी बंपर उतरवला. इंटरकूलरच्या खालच्या पाइपाच्या तोंडाशी अंगठ्याएवढा काळा, तेलकट डाग, त्यावर चोर्ल्याची लाल धूळ घट्ट चिकटलेली. पाइपात हवेचा दाब देऊन साबणाचं पाणी लावलं, बारीक फेस आला. क्लिपचा स्क्रू दीड आटा सैल होता. चाळीस रुपयांची नवी क्लिप बसवली आणि बारा घोडे परत आले. ट्यूनरला कुंद्याचा डबा घेऊन भेटायला गेलो.

म्हणून तुझी रेघ कुठं वाकते ते मला सांग. वर जाऊन आरपीएम चढतोय आणि रोलरचा वेग त्या मानानं चढत नाही, असं असेल तर क्लच सुटतोय. रीमॅपच्या गाडीत हे होतं आणि वास पण येतो. रेघ करवतीसारखी दातेरी असेल तर ईसीयू नॉक (पेट्रोलचा अवेळी भडका) ऐकून इग्निशन मागंपुढं करतोय. मग विचार कर की मॅप कुठल्या ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिला होता आणि त्या दिवशी टाकीत काय होतं. आणखी एक, डायनोवाल्यानं हवा-इंधन प्रमाण दाखवलं असेल तर आकडा लॅम्बडात (पेट्रोल पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे त्यात) मागून घे. १४.७ हे साध्या पेट्रोलचं प्रमाण, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ते साडेतेराच्या आसपास येतं. जुन्या मोजपट्टीवर बघून "मिश्रण सुकं आहे, ओलं आहे" म्हणणारे भेटतात. लॅम्बडा एक म्हणजे एकच, पेट्रोल कुठलं का असेना.

आता हायवेचं. मीही केलंय, म्हणून सांगतो. जानेवारीतली रात्र, वंटमुरी घाट उतरून सरळ रस्ता, तिसरा गिअर, पाय तळाला. पुढं काळोखात काहीतरी हललं. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, एका कडेनं ऊस दोन हात बाहेर आलेला. डाव्या आरशाला पाचट घासून गेलं. घरी येऊन आरशात अडकलेली पानं काढली, आणि त्यानंतर तो स्टॉपवॉच हातात घेतला नाही. आपल्याकडं गळीत हंगाम चार-पाच महिने चालतो, आणि तेव्हाच थंड हवेत गाड्या चांगल्या पळतात म्हणून पोरं बाहेर पडतात.

कायद्याचं पण ऐकून ठेव. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीबरोबर वेगाची चाचणी पण धरतं. कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून हटणारे बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. वॉरंटी आणि विम्याचा क्लेम यांचं काय होऊ शकतं ते तुला कळतंच. तुझी गाडी, तुझा निर्णय, पण डोळे उघडे ठेवून. पळवायचीच हौस असेल तर ट्रॅक डे बघ. कोइमतूरचं करी मोटर स्पीडवे लांब आहे, पण तिथं समोरून ट्रॅक्टर येत नाही.

बेंगळुरूची दुसरी फेरी मारायच्या आधी एक काम कर. डायनोवाल्याकडून चार्टची मूळ फाइल माग, त्यांच्याकडं साठवलेली असते. गाडी ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला) जोडून घेतलेला लॉग असेल तर तोही. मला पाच रकाने हवेत: मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, लॅम्बडा, आणि तिन्ही सिलिंडरचं इग्निशन किती मागं गेलं ते वेगवेगळं. एकाच सिलिंडरचं मागं जात असेल तर आधी तिथला प्लग काढून बघ. आणि फोटो टाकताना या वेळी खालची पट्टी कापू नकोस.