सिस्टरला विचारा : डोक्याला मार लागलेला पेशंट आणि रात्रीची ड्यूटी

प्रश्न : ताई, मी देवगड तालुक्यातल्या एका रुग्णालयात नव्याने लागलेली स्टाफ नर्स आहे. आंबे काढताना झाडावरून पडलेले सत्तरीचे एक आजोबा रात्री निरीक्षणासाठी ठेवले होते. तारीख विचारली तर म्हणाले, "तारीख माका ठावक नाय." मी ग्लासगो कोमा स्केलच्या (पेशंटची शुद्ध गुणांत मोजण्याच्या) चार्टवर बोलण्याचे ५ पैकी ४ गुण लिहिले. सकाळच्या सिस्टरांनी ते खोडून एकूण १५ केले आणि म्हणाल्या, "आपल्याकडे सगळ्यांचे पंधराच असतात." आजोबा बरे होऊन घरी गेले, पण माझी शंका तशीच आहे. बारा क्रेनियल नर्व्ह (मेंदूतून निघणाऱ्या नसा), रिफ्लेक्स, सगळं शिकले आहे. रात्री वॉर्डात एकटी असताना त्यातलं नेमकं काय बघू?
– एक वाचक, देवगड

उत्तर : आधी त्या खोडाखोडीबद्दल. दुसऱ्याने केलेली नोंद खोडायची नसते. आपल्याला वेगळं दिसलं तर वेळ टाकून खाली आपली नोंद करायची. रात्री २ वाजता ४ आणि सकाळी ७ वाजता ५ असेल, तर डॉक्टरांना ते दोन्ही आकडे हवे असतात.

आता तुझे ४ गुण. बागेत राबणाऱ्या माणसाला तारीख विचारून फारसं काही कळत नाही. त्यांना नाव विचार, आपण कुठे आहोत ते विचार, महिना विचार. 'वैशाख' म्हणाले आणि वैशाख चालू असेल, तर उत्तर बरोबर आहे. इथे कसे आलात, आंबा कुठपर्यंत आला, घरी कोण कोण आहे, असं त्यांच्या बोलीत विचार. मात्र उत्तर खरं की खोटं हे सोबतच्या माणसाकडून ताडून घे. कालपर्यंत हे असेच बोलत होते का, हेही त्यालाच विचार. कमी ऐकू येतं का, कवळी काढून ठेवली आहे का, हे बघितल्याशिवाय 'गोंधळलेले' असं लिहू नकोस.

ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा डोळे, बोलणं आणि हालचाल या तिन्हींची वेगवेगळी नोंद व्हावी हाच हेतू होता. डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. नुसतं १४ लिहिलंस तर एक गुण कुठला गेला ते कुणालाच कळणार नाही. डोळा सुजून बंद असेल तर १ न लिहिता 'तपासता आला नाही' असं लिही. हात धरायला सांगितलास तर सोडायलाही सांग, कारण बेशुद्धीतही तळहाताला काही लागलं की मूठ आपोआप वळू शकते. हाकेला प्रतिसादच नसेल तर खांद्यावरचा स्नायू चिमटीत दाब. छातीचं हाड चोळून माणसाच्या अंगावर वळ उठवू नकोस.

डोळ्यांच्या बाहुल्या बघताना खाटेजवळचा दिवा मंद कर आणि पेनटॉर्च बाजूने आण. दोन्हींचा आकार मिलिमीटरमध्ये लिही आणि उजेड पडल्यावर झटकन आकसतात की सावकाश, तेही लिही. आजोबांच्या वयाला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असू शकतं आणि तसली बाहुली मुळातच वेडीवाकडी असू शकते, म्हणून पहिल्याच तपासणीत विचारून ठेव. मग डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात पुढे धरायला लाव आणि दहापर्यंत मोज. एक हात हळूहळू खाली येत आत वळला तर ती बाजू कमजोर आहे. पायही एकेक करून उचलायला सांग. अडचणीच्या रात्री बारा नर्व्हची यादी बाजूला राहिली तरी चालेल, एवढं मात्र दर वेळी झालंच पाहिजे.

माझा सगळा जीव अडकतो तो पुढच्या गोष्टीत. नातेवाईक म्हणतात, "आत्ता कुठे डोळा लागलाय, उठवू नका." आणि दमलेल्या माणसाला उठवायला आपलंही मन धजत नाही. पण डोक्याला मार लागलेल्या माणसाची झोप आणि वाढती गुंगी लांबून अगदी सारखी दिसतात. पूर्ण जागं करून, बोलतं करूनच नोंद करायची. का उठवतो ते घरच्यांना संध्याकाळीच समजावून सांगितलंस तर रात्री तेच आपल्याला हाक मारतात. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेच्या मार्गदर्शक सूचना अशा आहेत : गुण १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाने, त्यानंतर २ तास अर्ध्या तासाने, पुढचे ४ तास दर तासाला आणि मग दर २ तासांनी. तुमच्याकडे डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलं असेल तर ते पाळ.

एक गुण कमी होऊन अर्धा तास तसाच राहिला, विशेषतः हालचालीचा, तर डॉक्टरांना उठव. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या थांबेनात, शांत माणूस अचानक चिडचिड करत खाटेवरून उतरू लागला, एक बाहुली मोठी झाली, तर अर्धा तासही थांबू नकोस. रक्तदाब चढतोय, नाडी मंदावतेय, श्वास अनियमित होतोय, हे त्रिकूट दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. तोंडाला दारूचा वास आहे म्हणून गुंगी दारूची, असं कधीही गृहीत धरू नकोस. साखर तपास आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का विचार. देवगडहून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा पुढे गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला न्यायचं तर वाटेतच बराच वेळ जातो. एक गुण घसरला तेव्हा १०८ बोलावली आणि तीन घसरल्यावर बोलावली, यात माणसाचं आयुष्य असतं.

आणि ड्यूटी बदलताना येणाऱ्या सिस्टरला खाटेपाशी ने. दोघींनी मिळून एकदा तपासा, म्हणजे तिच्या ५ आणि तुझ्या ४ चा वाद तिथेच मिटेल.

प्रश्न : आमच्या वाडीत जमिनीवर झोपलेल्या एका बाईला पहाटे पोटात दुखू लागलं, मग पापण्या जड झाल्या. चाव्याची खूण दिसत नव्हती. मण्यार निघाली. अशा वेळी न्यायच्या वाटेवर काय बघायचं?
– आशा सेविका, सावंतवाडी तालुका

उत्तर : मण्यार चावल्यावर सहसा दुखत नाही, सूजही येत नाही, म्हणून पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या एवढ्यावरूनच तुम्ही शंका घेतली पाहिजे. वर बघायला सांगा, पापण्या वर जातात का पाहा. एका श्वासात आकडे मोजायला लावा. आधी वीसपर्यंत जाणारी बाई दहावर थांबली तर श्वासाचे स्नायू दमत चालले आहेत. उशीवरून मान उचलता येते का, थुंकी गिळता येते का, हे बघा. लाळ साचत असेल तर कुशीवर वळवा आणि तोंडाने काही देऊ नका.

इथे कोमा स्केल फसवतं, हे नर्स वाचकांनीही लक्षात घ्यावं. डोळे उघडत नाहीत, बोलता येत नाही, हात हलत नाही, कधी बाहुल्याही मोठ्या होऊन उजेडाला दाद देत नाहीत. तरीही माणूस आतून शुद्धीवर असू शकतो आणि सगळं ऐकत असतो. त्याच्या उशाशी 'संपलं' असं कुणालाही म्हणू देऊ नका. श्वास मंदावला तर अँब्यू बॅगने (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने) देत राहायचा. सर्पविषावरच्या लसीबरोबरच, श्वास चालू ठेवल्याने ही माणसं वाचतात. पापणी पहिल्यांदा कधी पडली ती वेळ कागदावर लिहून पेशंटसोबत पाठवा.