गतिमंद मुलासाठी बागेचा ट्रस्ट

प्रश्न: देवगड तालुक्यात आमची दीड एकर हापूसची बाग आहे. सातबारा भावकीत सामायिक. मुलगा 24 वर्षांचा, गतिमंद. मुलगी मुंबईत असते. आमच्या पश्चात बागेचं उत्पन्न मुलासाठीच खर्च व्हावं म्हणून ट्रस्ट करावा का?

उत्तर: जरूर करा, पण आधी सातबारा सोडवा. जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर त्यातला अविभक्त हिस्सा इतरांच्या संमतीवाचून हयातीत ट्रस्टला देता येत नाही. मृत्युपत्रानं देता येतो, पण हद्दच ठरलेली नसेल तर दर हंगामात विश्वस्त (ट्रस्ट सांभाळणारे) आणि भावकी यांच्यात आंब्याच्या कलमांवरून वाद होणार. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटप करून घ्या, मग मोजणी आणि फेरफार. सासरी गेलेल्या बहिणींना वगळून केलेलं वाटप पुढे हमखास अडतं.

कुटुंबापुरत्या ट्रस्टला 1882 चा भारतीय न्यास कायदा लागू होतो. धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागत नाही. हयातीत जमीन ट्रस्टमध्ये घालायची तर नोंदणीकृत दस्त हवाच. त्यात रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवला नाही, तर पुढे सर्व लाभार्थींची संमती लागते, आणि तुमचा मुलगा कायद्यानं ती देऊ शकेलच असं नाही. मृत्युपत्रातला ट्रस्ट मात्र तुमच्या हयातीत केव्हाही बदलता येतो. तुमच्यासाठी मला तोच बरा वाटतो. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.

विश्वस्त दोन तरी नेमा आणि त्यांच्यानंतर कोण, तेही लिहा. शेतकरी नसलेल्याच्या नावावर शेतजमीन करायला कूळकायद्याच्या कलम 63 नुसार परवानगी लागते, म्हणून विश्वस्त शेतकरी खातेदारच असू द्या. मेहनताना द्यायचा असेल तर तसं लिहा. एरवी विश्वस्ताला तो मागता येत नाही.

सगळ्यात जपायचं ते पैशाचं. हापूस एक वर्ष भरभरून येतो, दुसऱ्या वर्षी हात आखडतो. मुलाचा खर्च मात्र बारमाही. तेव्हा ट्रस्टमध्ये बागेसोबत मुदत ठेवही घाला. उत्पन्नातून आधी खत, फवारणी, राखण. मग मुलाचा खर्च. उरेल ते पुढच्या हंगामासाठी, हा क्रम मृत्युपत्रातच लिहा. बाग हंगामापुरती कंत्राटानं देण्याचा अधिकारही स्पष्ट नोंदवा.

ट्रस्ट पैसा सांभाळतो, मुलाचं पालकत्व नाही. अठरा वर्षांनंतर आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करा. जिल्हाधिकारी त्या समितीत असतात. हा अर्ज वाटपाची वाट न पाहता आत्ताच करता येईल.